मामा तलाव दुरुस्ती: बेशरम उपटण्यापासून पाणवनस्पती लावण्यापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

जागा: अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया. तलाव माजी मालगुजारी (‘मामा’), म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातला, भरला की साधारण ७ हेक्टर. कामात ग्रामसभा, ढिवर बांधवांची मत्स्य सहकारी संस्था, दोन बचतगट आणि जिल्हा परिषद शाळेचे सहावी-सातवीचे वर्ग.

२० जानेवारी. कागद

मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारजमा झाले. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. पण गावाचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असतात. त्याची नक्कल तहसीलमधून आधी काढावी. गुरांचं पाणी, मासळी, तुडुमाचं (तलावातून पाणी सोडायच्या दाराचं) पाणी कोणत्या बांध्यांना (धानाच्या खाचरांना), हे त्यात सापडतं आणि पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

गाळाला जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाची परवानगी लागते. मासळीचा ठेका संस्थेकडे असतो, म्हणून संस्थेला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यायचं. ठेकेदाराला वगळून लावलेली पाणवनस्पती पहिल्याच जाळ्यात उपटून येते.

ग्रामसभेच्या ठरावात काम कोणत्या क्रमाने होणार ते लिहून घेतलं: आधी बेशरम हे माजलेलं झुडूप उपटणं, मग बेताचा गाळ, मग उथळ भागाची नांगरट, मग लागवड. बहुतेक गावांत फक्त गाळाचं काम होतं, कारण तेवढंच ट्रॉलीत मोजता येतं. खोल खणलेला नुसता खड्डा पाणी धरतो, पण ते पाणी वर्षभर गढूळ राहतं. त्यात गावठी मासळी अंडी घालत नाही, पाखरं उतरत नाहीत. याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत पाणवनस्पतींचं काम केलं आहे. क्रमाचा आग्रह त्या अनुभवावरून.

९ फेब्रुवारी. मोजणी

साधनं: १० मिमीची पारदर्शक नळी १५ मीटर, १२ मिमीची लोखंडी सळई ६ फूट, दोरी, चुना, वही.

पाणी भरलेल्या नळीने पातळी काढली. नळीत बुडबुडा राहिला की दोन-तीन इंचांची चूक सहज होते, म्हणून नळी भरल्यावर एक टोक वर धरून बोटाने टिचक्या मारत हवा काढायची. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत ठेवायची नाही. सांडव्याच्या माथ्याला शून्य धरलं आणि तिथून खाली सगळ्या पातळ्या लिहिल्या. भरलेल्या तलावाची काठरेषा चुन्याने आखली. ती पुढे प्रत्येक कामात लागते.

गाळाची जाडी सळईने. दर २० मीटरवर सळई हाताने दाबायची. गाळात ती सरकते, मूळ चिकण थराला लागली की अडते. तीन वेळा दाबून मधला आकडा घ्यायचा, कारण एखादा दगड किंवा जुनं खोड फसवतं. मधल्या भागात दीड ते दोन फूट गाळ निघाला, काठाकडे चार-सहा इंच. उन्हाळ्यापूर्वी मोजलं हे बरं. तळ वाळून तडकला की सळई जात नाही.

२८ मार्च. बेशरम

पाणी मधल्या डोहापुरतं उरलं. पश्चिमेचा सगळा काठ बेशरमाने भरलेला.

हे झुडूप दक्षिण अमेरिकेतलं. कुंपणाला म्हणून आणलं आणि तलावात शिरलं. कापून पाण्याखाली बुडवला की मरतो ही समजूत चुकीची आहे. बुंधा महिनोन्महिने पाण्यात उभा राहतो आणि पेरापेरातून फुटतो. जमिनीवर पडलेला वीतभर तुकडाही ओलीत मुळं धरतो. त्यामुळे कापणं म्हणजे लागवडच.

पद्धत: आधी कोयत्याने फांद्या कमरेइतक्या ठेवून तोडायच्या. उरलेला बुंधा हाताशी धरायला लागतो. भोवती कुदळीने फूटभर खणायचं आणि सब्बल (पहार) बुंध्याखाली घालून गड्ड्यासकट उचलायचा. बारीक मुळ्या राहिल्या तरी चालतं, गड्डा राहिला तर फुटवा येतो. चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे हवेत.

जेसीबी झुडपांच्या मोठ्या जाळ्यांना बरा, पण बकेटने फांद्यांचे तुकडे होऊन चिखलात दाबले जातात. यंत्र लावलं तर त्याच्यामागे वेचणारी माणसं हवीतच. इथे बचतगटाच्या बायांनी वेचणी घेतली आणि मजुरी ठरावातच लिहिली होती. वेचणीला श्रमदान म्हणायचं आणि जेसीबीला तासाचे पैसे द्यायचे, हा हिशोब पटणारा नाही.

उपटलेला माल काठरेषेच्या वर, मुरमाड उंचवट्यावर, फुटापेक्षा कमी जाडीत, मुळं वर करून पसरला. पाळीच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) मागच्या उतारावर फेकायची सवय सगळीकडे आहे. तिथे तो झिरपणीवर जगतो, त्याची मुळं पाळीत शिरतात आणि कुजल्यावर तीच पाण्याची वाट होते.

शेळ्या राखणाऱ्यांना सांगितलं आहे: ढिगाजवळ शेळी नेऊ नका. उन्हाळ्यात चारा नसला की शेळी हा पाला खाते, चटक लागते, मग वाळत जाते आणि चालताना झोक जातो.

१७ एप्रिल

ढीग उलटला. फांदी कडकन मोडते ती वाळली, वाकते ती जिवंत. खालचा थर अजून वाकतोय. आणखी दहा दिवस.

३० एप्रिल. खताचा ढीग

वाळलेला बेशरम ३-४ इंचांचे तुकडे करून ढीग लावला. लांबी १० फूट, रुंदी ४, उंची ३. थर असा: तुकडे ८ इंच, त्यावर शेणकाला २ बादल्या, त्यावर तलावाचीच माती पाट्या-दोन पाट्या, पुन्हा तुकडे. ओल मुठीत दाबून बघायची: बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती काढल्यावर हातात धरवत नाही इतकी तापली पाहिजे. तापली नाही तर शेण कमी पडलं किंवा ढीग कोरडा आहे. न तापलेल्या ढिगात बी जिवंत राहतं. दर १५ दिवसांनी उलटायचा, उलटताना बाहेरचा माल आत.

उरलेला बराच माल लोकांनी जळणाला नेला. धूर डोळ्यांना झोंबतो, घरातल्या चुलीत न घालता अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत वापरा असं सांगितलं.

६ मे. गाळ

इथे सगळ्यात जास्त ओढाताण होते, म्हणून नियम आधी, ट्रॉली नंतर.

पाळीच्या पायथ्यापासून १० मीटर आत खणायचं नाही. पायथा मोकळा झाला की भरल्या तलावात पाळ आत घसरते.

चिकण थर दिसला की थांबायचं. काळा गाळ संपून पिवळट, मुरमाड माती येऊ लागली म्हणजे तलावाची चादर फाटली. पाणी खाली मुरतं, दिवाळीतच तळ दिसतो आणि पुन्हा गाळ बसेपर्यंत काही वर्षं जातात. विहिरींना पाणी लागेल म्हणून मुद्दाम फाडा असं म्हणणारे भेटतात. धानाच्या शेवटच्या पाण्याला तुडुम कोरडं पडतं तेव्हा तेच आधी तक्रार करतात.

तुडुमाच्या तळापेक्षा खाली साठलेलं पाणी बांध्यांना मिळत नाही, ते मासळीचं आणि गुरांचं. तुडुमासमोरचा गाळ त्याच्या तळापर्यंतच काढला, डोह मात्र मध्ये तीन फूट खोल ठेवला.

काठाचा उथळ पट्टा, म्हणजे काठरेषेपासून भरल्या पाण्यात १ ते ३ फूट खोलीचा, अजिबात खणायचा नाही. या तलावात तो क्षेत्राच्या जवळपास तिसरा हिस्सा आहे. लागवड तिथेच होणार. गाळवाल्यांना हाच पट्टा आवडतो, कारण ट्रॉली फसत नाही. बांबू रोवून लाल चिंध्या बांधल्या.

ट्रॉलीचा रस्ता पाळीवरून नाही. जमीन सपाट मिळते त्या पूर्व बाजूने उतार केला.

हिशोब: मधल्या १ हेक्टरमधून सरासरी १ फूट काढायचा म्हणजे साधारण ३,००० घनमीटर, १,०६० ब्रास. एका एकरावर २ इंच थर द्यायला ७२-७३ ब्रास लागतात. म्हणजे १४ एकरांची सोय. अर्ज आले त्याच्या दुपटीहून जास्त. वाटप जमिनीच्या प्रकारावरून केलं: खर्डी आणि बर्डीला आधी, सिहारला मग, कन्हारला नाही. कन्हार आधीच भारी, तिच्यात गाळ घातला तर रोवणीत पाय निघत नाही. एकरी ७३ ब्रासपेक्षा जास्त कोणालाच नाही. चार इंच थर एकदम दिला की पहिल्या वर्षी ढेकळं फुटत नाहीत आणि पऱ्हे (धानाची रोपं) पिवळे पडतात.

शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत फक्त गाळ बसतो. वाळू आणि मुरूम नाही. ट्रॉली भरताना एक माणूस उभा असावा.

१४ मे. बाटलीतली माती

उन्हाळी वर्गात मुलांनी गाळ तपासला. उभट पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश चुरलेला गाळ, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, पाच मिनिटं हलवून सपाट जागी ठेवायची. मिनिटभरात वाळू बसते, दोन-तीन तासांत पोयटा. चिकणमाती बसायला दिवस-दोन दिवस लागतात. तिन्ही रेषा स्केचपेनने आखून पट्टीने मोजायच्या. तुडुमाजवळच्या नमुन्यात वाळूचा थर जाड निघाला, डोहातल्या नमुन्यात नावालाच. नाल्याचं तोंड तुडुमाच्या बाजूला असल्याने जड वाळू तिथेच पडते, हे मुलांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. तिथला माल शेतकऱ्यांना देणं बंद केलं. तो पाळीच्या आतल्या खचलेल्या भागालाही चालत नाही, वाळूतून पाणी झिरपतं.

२७ मे. पाळ आणि सांडवा

खेकड्यांची आणि घुशींची भोकं तोंडाशी रुंद करून आतपर्यंत ओली चिकणमाती थराथराने ठोकून भरली. तोंडाला सिमेंट लावलं की भोक आत तसंच राहतं आणि बाहेरून दिसत नाही.

सांडवा एक फूट उंच करा, पाणी वाढेल, ही मागणी बैठकीत आली. नाकारली. वाढलेल्या पाण्याची काठरेषा नळीने फिरवून दाखवली: वरच्या बाजूच्या बांध्या रोवणीच्या वेळी बुडतात, आणि पाळीची मोकळी उंची एक फुटाने कमी होते. मोठ्या पावसात पाळीवरून पाणी गेलं की ती राहत नाही.

१६ जून. नांगरट

मृगाचे दोन पाऊस झाले, तळ वाफशावर. उथळ पट्टा बैलनांगराने उभा-आडवा नांगरला, ५-६ इंच. वर्षानुवर्षं गुरांच्या खुरांनी हा थर विटेसारखा झालेला असतो, त्यात मूळ उतरत नाही. ट्रॅक्टरचा कल्टिव्हेटर चालतो, रोटाव्हेटर नको. तो पिठासारखी माती करतो आणि पाणी आलं की सगळी गढूळ होऊन वर तरंगते.

नांगरताना बेशरमाचे राहिलेले गड्डे वर आले. ते त्याच दिवशी उचलले.

४ जुलै. लागवड

पट्ट्यात फूटभर पाणी; खाली लिहिलेल्या खोल्या भरल्या तलावाच्या. रोपं शेजारच्या ज्या तलावात वनस्पती चांगल्या टिकून आहेत तिथून, तिथल्या संस्थेला विचारून. ज्या तलावात जलकुंभी आहे तिथून काहीही आणायचं नाही. तिचं नखाएवढं पिल्लूही पुरतं. आणलेला प्रत्येक जुडगा काठावरच टोपलीत धुवून, झटकून बघायचा.

वाहतूक ओल्या गोणपाटात, सावलीत, त्याच दिवशी. दुपारच्या उन्हात अर्धा तास उघडा राहिलेला हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) मेलाच समजायचा.

हायड्रिला: फूटभर लांबीच्या ८-१० काड्यांची जुडी, बुडाला चिखलाचा गोळा सुतळीने बांधून २-३ फूट पाण्यात सोडायची. प्लास्टिकची दोरी नको.

व्हॅलिस्नेरिया: मुळासकट, दीड-दोन फूट पाण्यात, धान रोवतो तसाच चिमटीत धरून. बायांचा हात यात इतका बसलेला आहे की शिकवायची गरज पडली नाही.

कुमुदिनीचे गड्डे: नांगरलेल्या मातीत वीतभर खड्डा, वर चपटा दगड. दगड नसला तर गड्डा तरंगून काठाला लागतो.

देवधान (रानटी धान): काठाच्या अगदी उथळ कडेला. गुरं पहिल्यांदा हेच खातात.

सगळीकडे पातळ लावण्यापेक्षा ५ × ५ मीटरचे तुकडे घेतले, त्यात मीटरभरावर एक जुडी, भोवती बांबू आणि जुनी जाळी. दाट तुकडा पाणी शांत ठेवतो, गढूळपणा तिथे आधी बसतो, उजेड तळापर्यंत जातो आणि मग वनस्पती स्वतःहून बाहेर पसरते. पसरून लावलेल्या एकट्या काड्या गढुळात सडतात.

कमळाची मागणी बरीच होती, फुलांना भाव मिळतो म्हणून. एका कोपऱ्यापुरतं ठेवलं. कमळ मोकळं सुटलं की पानांनी पाणी झाकून टाकतं आणि खाली काही वाढत नाही.

११ जुलै. पर्जन्यमापक आणि तबकडी

पर्जन्यमापक: लिटरची बाटली वरून कापून तोंड उलटं आत बसवायचं. बाटलीचा तळ खाचांचा असतो म्हणून आत खडे टाकून, सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरून तिथे शून्य. त्याच्या वर मिमीची पट्टी. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याची वेळ तीच, म्हणजे आकडे ताडून बघता येतात. झाडाखाली किंवा कवेलूच्या पागोळीजवळ ठेवायचं नाही.

गढूळपणाची तबकडी: २० सेमी व्यासाचा पत्रा, चार भाग, आलटून-पालटून काळा-पांढरा ऑइलपेंट, मध्ये भोक, खाली विटेचा तुकडा, दोरीला दर १० सेमीला गाठ. दुपारी, सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी. मुलं हे फक्त तुडुमाच्या ओट्यावरून करतात, शिक्षक आणि एक पोहणारा माणूस हजर असतानाच. डोंग्यात मुलं बसवायची नाहीत.

२ ऑगस्ट. पावसाचं गणित

रात्रीत ५० मिमी. सातवीच्या वर्गात फळ्यावर: १ हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर. पाणलोट ४० हेक्टर, म्हणजे २०,००० घनमीटर पडलं. तिसरा हिस्सा वाहून आला असं धरलं तर साधारण ६,७०० घनमीटर. तलाव ७ हेक्टर, म्हणजे साडेनऊ सेमी चढायला हवा, शिवाय तलावावर थेट पडलेला पाऊस ५ सेमी. तलावातल्या पट्टीवर चढ ११ सेमी. कमी का? मुलांची उत्तरं: बांध्यांनी अडवलं, वरची बोडी (छोटं तळं) आधी भरली, तुडुमातून गळतंय. तिन्ही जाऊन बघितली. बोडी खरंच रिकामी होती, ती भरत होती.

१९ ऑगस्ट. मासळी

संस्थेशी ठरलं: गवत्या मासा (ग्रास कार्प) या तलावात सोडायचा नाही, तो लावलेलं सगळं खातो. सायप्रिनसही (कॉमन कार्प) नाही, तो तळ उकरून मुळं उपटतो आणि पाणी गढूळ ठेवतो. थाई मांगूरवर तर बंदीच आहे. रोहू, कटला, मृगळ चालतील. ते साठल्या पाण्यात पिल्लं देत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी, गावठी मांगूर मात्र उथळ गवताळ काठाला वाढतात, त्यांना बीजाचा खर्च नाही. म्हणून पावसाळाभर लागवडीच्या पट्ट्यात जाळं नाही.

आठवीत गेलेली मुलं विचारत होती, नाळीची भाजी पण बेशरमासारखंच फूल देते, ती उपटायची का. नाही. नाळीची भाजी पाण्यावर पसरते, देठ पोकळ, मऊ. बेशरम उभा, बुंधा लाकडासारखा. दोन्हींचे नमुने शेजारी बांधून शाळेच्या भिंतीवर लावले.

७ सप्टेंबर

विसर्जनासाठी शाळेमागे १० × ६ × ४ फुटांचा कुंड. पीओपीची मूर्ती तलावात जाऊ दिली नाही.

१२ ऑक्टोबर. फुटवा

तबकडी जुलैत २५ सेमीवर दिसेनाशी व्हायची. आता लागवडीच्या तुकड्यात ७०, मोकळ्या पाण्यात ४०. तीन तुकडे गेले: दोन म्हशींनी मोडले, एक नाल्याच्या तोंडाशी गाळाखाली दबला. नाल्याच्या तोंडाशी पुन्हा लावण्यात अर्थ नाही, तिथे वरच्या अंगाला दगडी बांध घालून गाळ आधी थोपवावा लागेल.

बेशरमाच्या बियांना लव असते, त्या तरंगतात आणि वाऱ्याने लाटेच्या रेषेत, पाळीच्या कोपऱ्यात जमा होतात. रोपं तिथेच उगवली आहेत. दोन-चार पानांवर असताना ओल्या मातीतून चिमटीने निघतात, दिवाळीनंतर कुदळ लागते. शाळेने हा कोपरा घेतला आहे, दर शनिवारी.

१४ डिसेंबर. पाखरं

सकाळी सात ते आठ, ठरलेल्या तीन जागांवरून, प्रत्येक जागी वीस मिनिटं. एक मोजतो, एक लिहितो, बाकीचे गप्प. अडई, हळदीकुंकू बदक, वारकरी, कमळपक्षी. कमळपक्षी फक्त कुमुदिनीच्या तुकड्यावर. नोंदी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवायच्या, वेगळी वही ठेवली की ती हरवते. सारस दिसला तर जागा फक्त वनखात्याला आणि जैवविविधता समितीला सांगायची, फोटो फिरवायचा नाही. घरट्याजवळ गर्दी झाली की जोडी अंडी सोडते.

२२ जानेवारी. पुढच्या ठेक्याच्या अटी

ग्रामसभेत मंजूर: उथळ पट्ट्यात शिंगाड्याची वेल एकूण तिसऱ्या भागापेक्षा जास्त नाही आणि तिच्यावर कीटकनाशक नाही. मार्चमध्ये डोह पंपाने उपसायचा नाही, गावठी मासळीचं पुढच्या वर्षाचं बीज त्यात असतं. मासळी विक्रीतून ठरलेला हिस्सा बेशरम वेचणीच्या मजुरीला. वेचणीची पहिली फेरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सब्बली आणि हातमोजे संस्थेच्या खोलीत.